चिकटलेली चार शीटं

सुनेच्या प्रबंधातलं एकशे सोळावं पान काढा, नाहीतर सही मिळणार नाही, असं तिच्या सरांनी बजावलं. त्या पानावर मी होते.

सून कार्टूनमधल्या विनोदावर डॉक्टरकी करते. सर त्या विषयातले मोठे. एका जुन्या कार्टूनमध्ये ढेरपोट्या बँडमास्तर काठी फिरवत गच्चीच्या कडेबाहेर चालत जातो, हवेत क्षणभर थांबतो आणि मग धपकन पडतो. त्या थांबण्यावर सरांनी अख्खं पुस्तक लिहिलंय. म्हणे दिग्दर्शकाने मृत्यूवर चिंतन केलं होतं. चिंतन कसलं डोंबलाचं!

एकतीस वर्षं मी त्या कार्टूनच्या कारखान्यात पारदर्शक शीटं रंगवली. रेघ पुढून, रंग मागून. शाळा चौथीपर्यंत, पण रंग कधी रेघेबाहेर गेला नाही. फक्त त्या दिवशी हवा दमट होती आणि वाळायच्या आत मी शीटं एकावर एक रचली. बेचाळीस ते पंचेचाळीस, चारही चिकटली. एरवी एकेका शीटचे कॅमेऱ्याने दोन फोटो काढायचे. कॅमेरावाल्याने वैतागून त्या चारांच्या जागीही एक्केचाळीस नंबरचेच फोटो काढले, एकूण दहा. पडद्यावर बँडमास्तर हवेत थांबला आणि सगळा कारखाना हसून लोळला. पुढे प्रत्येक सिनेमात दिग्दर्शक मलाच विचारायचे, “बाई, किती थांबवू?”

“शिंक अडते तेवढं,” मी सांगायचे.

हे सगळं सुनेने लिहिलं होतं.

“आई, काढते मी ते पान,” ती म्हणाली. “सहा वर्षं घातलीत. सर म्हणतात, रंगवणाऱ्या बाईचं बोलणं हा पुरावा नाही.”

“आणि तू मान डोलावलीस?”

“मग काय करू?”

“कर की! मला खोड आणि मिरव डॉक्टरीण म्हणून. हार घेऊन मीच येते!”

ती रडली. मला आणखीच चीड आली. ती चार शीटं मी तेव्हा घरी आणून ठेवली होती, पुन्हा अशी चूक नको म्हणून. सकाळी ती पिशवीत घातली आणि थेट सरांच्या वर्गात शिरले. सून प्रबंध छातीशी धरून मागे धावतेय, “आई, नको ना!”

पडद्यावर बँडमास्तर लोंबकळत होता. सर सांगत होते, “इथे काळ स्वतःलाच प्रश्न विचारतो.”

“काळ नाही हो. रंग ओला होता.”

मुलं फिस्सकन हसली.

“आजी, वर्ग चालू आहे.”

“दिसतंय. चुकीचं शिकवताय, म्हणून तर आले.”

चिकटलेला गठ्ठा टेबलावर आपटला. कोपऱ्यांत माझ्या हातचे आकडे, रंगात माझा अंगठा. “मोजा. एक्केचाळीस नंबरचं चित्र दहा वेळा दिसेल.”

पुढच्या बाकावरच्या पोरीने सिनेमा एकेक चित्र करून सरकवला. सगळा वर्ग मोठ्याने मोजू लागला. दहा. अकराव्याला बँडमास्तर कोसळला.

सरांचा चेहरा उतरला, मग एकदम गोड झाला. “अहो, केवढा ठेवा हा! माझ्या पुढच्या पुस्तकात...” म्हणत त्यांनी हात पुढे केला.

“हात मागे घ्या. काल माझं बोलणं पुरावा नव्हतं, आज ठेवा झाला? जिने मला विचारलं, तिच्याच पुस्तकात जाईल हे.”

सुनेने डोळे पुसले आणि प्रबंध सरांपुढे ठेवला. “सर, पान राहील. सही करा.”

सरांनी पेन उचललं. ते कागदावर तसंच अधांतरी राहिलं, बरोबर शिंक अडते तेवढं. अख्खा वर्ग खो खो हसत सुटला. मग सही झाली.

मी नाही हसले. शीटं पिशवीत घातली आणि सुनेला म्हटलं, “चल आता. आणि एकशे सोळावं कशाला? पहिलं पान कर.”