आप्पासोंचे सहा फोटो

मित्रांनो, मी कृष्णधवल फिल्मचा रोल, आता जुना झालेला. अगदी कमी उजेडातही, फ्लॅश न लावता फोटो यावा, म्हणून कारखान्यात मला फार हळवे बनवले होते. उकाडा मला सोसत नाही. सांगलीच्या श्रद्धाने मला विकत आणले आणि फ्रीजमध्ये ताकाच्या भांड्याशेजारी ठेवले.

एका सकाळी कॅमेऱ्यात घालून ती मला आटपाडीला घेऊन गेली. तिथे म्हातारे आप्पासो अंधाऱ्या खोलीत मागावर घोंगडी विणत. उजेड काय तो कौलातल्या एका काचेतून यायचा.

"हितं दिवा न्हाई पोरी. फोटू यील व्हय?"

"येईल आजोबा. तुम्ही विणत राहा."

श्वास रोखून तिने सहा फोटो काढले. निघताना आप्पासो म्हणाले, "एक मला दे हां. माझा एकबी न्हाई."

"रोल संपला की लगेच धुते," श्रद्धाने शब्द दिला.

पण माझ्यात अजून तीस फोटोंची जागा होती. मग तिला पुण्यात नोकरी लागली. तिचे फोटो मोबाईलवर निघू लागले आणि मी कॅमेऱ्यासकट सांगलीच्या कपाटात राहिलो. दोन उन्हाळे गेले. आप्पासोंचा चेहरा माझ्या अंगावर पुसट होत चालला होता. सांगणार कुणाला?

एक दिवस आप्पासोंच्या पत्नीचा, लीलाबाईंचा, श्रद्धाला फोन आला. "ताई, हे गेलं गं. फोटू हाय का तुज्याकडं? आधार कार्डावरलं त्वांड मला वळखूच यीना."

श्रद्धा दुसऱ्याच दिवशी सांगलीला आली. अंधारात चाचपडत तिने मला फिल्म धुण्याच्या डब्यात भरले, औषधात धुतले, वाळवले आणि स्कॅनरवर ठेवले. पाच फोटो नुसते धुरकट निघाले. सहाव्या वेळी आप्पासोंनी कौलाकडे मान वर केली होती. तेवढ्या उजेडाने ते माझ्यावर टिकले. रवाळ, पण हसरे.

छापलेला फोटो घेऊन ती आटपाडीला गेली. मीही तिच्या पिशवीत होतो. लीलाबाईंनी फोटो पदराने पुसला.

"असंच हसायचं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "त्यास्नी दावायला पायजे हुता गं."



स्कॅन केलेला फोटो आता पाहुण्यारावळ्यांच्या मोबाईलवर आहे. मी कागदी पाकिटात एकटाच असतो. मला कुणी बाहेर काढत नाही. त्याचे एवढे काही नाही. पण मित्रांनो, कुणाचा फोटो काढलात, तर तो त्या माणसाच्या हातात द्या. रोल भरायची वाट बघू नका.