नामाचा फोल्डर

पळसदरीत सकाळ दोनदा होते. आधी उजेड येतो. ऊन बऱ्याच वेळाने. पूर्वेला घाटाची भिंत उभी असल्यामुळे सूर्य उगवला तरी आमच्या अंगणाला तो दिसत नाही. त्याचे पहिले ऊन पश्चिमेला, माथेरानच्या कड्यावर पडते. दूरच्या एखाद्या घरात कुणी दिवा लावावा, तसा तो कडा एकटाच उजळतो. मग ऊन सावकाश खाली उतरते. आधी झाडीवर, मग रेल्वेच्या रुळांवर, मग धरणाच्या पाण्यावर. तासाभराने ते माझ्या खिडकीतून टेबलावर येते आणि एवढ्या लांबून आल्यासारखे जरा वेळ तिथेच थांबते.

त्या दिवशी ते माझ्या उघड्या वहीवर थांबले. वहीत कामांची यादी होती आणि प्रत्येक कामासमोर अक्षर होते. सोप्या कामांसमोर ‘स्व’, म्हणजे मी, स्वप्नील. अवघड कामांसमोर ‘सा’, म्हणजे साईराज. यादीतल्या बहुतेक कामांपुढे बरोबरची खूण झाली होती.

साईराज माझा कॉलेजातला मित्र. आम्ही मिळून एक संगणक प्रणाली करायला घेतली होती. घरबांधणीच्या नव्या कामाची माहिती एकदा सांगितली की ती त्या कामाचे सगळे फोल्डर, अर्ज, पत्रे आणि नकाशांचे कोरे कागद मांडून देते. मालकाचे नाव, गाव, गट क्रमांक जिथे जिथे हवे तिथे भरते. गेल्या वर्षी शिमग्यानंतर साईराज बंगळूरला नोकरीला गेला. “शनिवार-रविवारी करू रे,” असे म्हणून गेला होता.

त्या सकाळी मी कर्जतला रोहिणीताईंच्या कार्यालयात जाणार होतो. त्या घरांचे नकाशे करतात. प्रणाली त्यांनी आठवडाभर वापरून पाहिली होती. पसंत पडली, तर सोमवारपासून त्यांचे प्रत्येक नवे काम तिच्यात सुरू होणार होते. ते आमचे पहिलेच गिऱ्हाईक होते.

“ये रं, बस,” मी कार्यालयात शिरताच आबाजी म्हणाले. बावीस वर्षे ते तिथे नकाशे काढत आहेत. “तुजं यंत्र नवं. आमचं जुनं हाय, नामाचा फोल्डर.”

नामा बडेकर हे कार्यालयाचे संगणकावरचे पहिले काम. कशेळ्याचे साधे कौलारू घर. तेव्हापासून नवे काम आले की आबाजी नामाच्या फोल्डरची नक्कल करत आणि आतली नावे एकेक करून बदलत. कुठे ना कुठे नामा उरायचाच.

“मागच्या महिन्यात ग्रामपंचायतीतून फोन,” रोहिणीताई म्हणाल्या. “डॉक्टरीणबाईंच्या बंगल्याचा अर्ज. सही बाईंची आणि खाली ‘आपला नम्र, नामा बडेकर’.”

“नामाचे खालापुरात बी दोन बंगले हायेत आता,” आबाजी गंभीरपणे म्हणाले. “त्याला म्हाईत नाय, एवढंच. बसलाय बिचारा म्हशी धूत.”

मी हसलो आणि वही उघडली. एरवी चार माणसांत माझा आवाज बारीक होतो. या विषयावर मात्र तो स्थिर असतो. हाताने दुरुस्त केलेल्या कागदाला प्रणाली पुन्हा हात कसा लावणार नाही, ते मी समजावले. दोघेही मान हलवत होते.

“मालकाचं नाव म्हाईत नसंल तर काय करतं?” आबाजींनी विचारले.

“मागच्या कामातलं नाव सुचवतं.”

“नको रं बाबा! मोकळं ठेव. मोकळी जागा लाल दाव. भरलेली जागा मानूस वाचत नाय, मोकळी दिसली की थांबतो.”

मी ते यादीत सगळ्यांत वर लिहिले. त्यासमोर कुणाचेच अक्षर घातले नाही.

“आणि कागद ज्यावरून निघतात तो मूळ नमुना बदलला, तर आधीची कामं आपोआप बदलणार?” रोहिणीताई म्हणाल्या. “मला मुख्य तेच हवंय.”

“ते करतोय आम्ही. ते साईराजकडे आहे.”

“आम्ही म्हणजे किती जण?”

“दोघे.”

“अर्ज दाखल करायच्या दिवशी हे अडलं, तर फोन कुणाला करायचा? एक नाव सांग, स्वप्नील. सगळी कामं मी त्यात टाकणार आहे.”

मी वहीकडे पाहिले. आबाजींनी त्यांचा पडदा माझ्याकडे वळवला. प्रणालीने मांडलेल्या कागदांच्या तळाशी बारीक ओळ होती: ‘मांडणी – साईराज व स्वप्नील’, आणि पुढे साईराजचा नंबर. मूळ नमुन्यात मीच ती कधीकाळी लिहिली होती.

“ह्या नंबरवर केलता मी परवा फोन,” आबाजी म्हणाले. “गोड बोलला पोरगा. म्हनला, काका, स्वप्नीललाच विचारा, माजा त्यात आता काय संबंध नाय.” त्यांनी पडद्यावर एकेक कागद पुढे सरकवला. अकरा कागद, अकराही कागदांवर तीच ओळ. मग ते हलकेच म्हणाले, “आमचा नामा, तुजा साईराज. व्हय ना रं?”

कुणी हसले नाही. खाली रस्त्यावर एक टेंपो मागे घेतला जात होता. त्याची शिट्टी थांबली. मग मी त्यांच्यासमोरच मूळ नमुना उघडला आणि ती ओळ पुसली. जागा मोकळी झाली. ती लाल दिसत नव्हती. ते काम अजून व्हायचे होते. तरी मी तिच्यापाशी थांबलो.

मग तिथे माझे पूर्ण नाव आणि माझा नंबर लिहिला. पडद्यावर अकराही कागद आपोआप बदलले.

“फोन मला करा,” मी म्हणालो. “आणि तुम्ही विचारलंत ते झालेलं आहे, ताई. आत्ता पाहिलंत ना, तेच. मोकळी जागा लाल दिसायचं तेवढं राहिलंय, ते सोमवारी आणतो.”

“मग मघाशी करतोय का म्हणालास?”

 वही मिटता मिटता ‘सा’ची ती रांग दिसली. शिमग्यानंतर साईराजने एकही ओळ लिहिली नव्हती. सगळे मी एकट्याने केले होते आणि समोर अक्षर मात्र त्याचे लिहीत गेलो होतो.