आकाशातला चुलतभाऊ

मी फ्रीजर बोलतोय. फ्रीज नव्हे, फ्रीजर. फ्रीजला दूध मिळतं, फळं मिळतात, येता-जाता त्याचं दार उघडून उगाच आत बघत उभी राहणारी माणसं मिळतात. मी आडवा, पेटीसारखा, वर झाकण असलेला. माझ्याकडे माणूस आला की काहीतरी टाकतो, नाहीतर काढतो, आणि झाकण आपटून निघून जातो. गोठवणं एवढंच माझं काम, आणि ते मी मनापासून करत आलो.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिकतीत माझ्या पोटातली जळजळ तुम्हाला जागोजाग दिसेल. पोटात उणे अठरा अंश असणाऱ्यालाही जळजळ होते, हे तुमच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात नसेल. लिहून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. दोन पत्र्यांच्या मध्ये फेस भरला, आतल्या भिंतींमागून नळ्या फिरवल्या, बुडाशी धडधडणारं यंत्र बसवलं आणि पाठीवर क्रमांक चिकटवला. तिथून मी गेलो एका आइस्क्रीमवाल्या काकांच्या दुकानात. ते दिवस काय सांगू. माझं झाकण उघडलं की मुलं चवड्यांवर उभी राहून आत तोंड घालायची आणि माझी गार वाफ खायची. काका ओरडायचे, मुलं हसायची, आणि मी उगाच थोडा जास्त धडधडायचो.

मग एक दिवस दुकानाच्या काचेबाहेर पांढरं काहीतरी भुरभुरू लागलं. तीच मुलं, माझीच म्हणायची ती, दुकानावरून सरळ पुढे गेली. आकाशाकडे तोंड करून, जिभा बाहेर काढून ती पांढरे कण झेलत होती. फुकट. काकांनी बराच वेळ बाहेर बघितलं, एक सुस्कारा सोडला आणि माझा प्लग काढला.

त्या दिवशी मला कळलं की मला एक चुलतभाऊ आहे, आणि तो आकाशात राहतो.

पुढे काकांनी दुकान आवरलं आणि मी दुसऱ्या हाती गेलो. हे घर तिसऱ्या मजल्यावरचं. स्वयंपाकघर आणि बाल्कनीच्या मधल्या बोळात मला जागा मिळाली. घरातली आई कपडे शिवते, उसवते, बेतशीर करून देते. माझ्या झाकणावर कापड पसरून ती कातर चालवायची, त्यामुळे मला पोटात मटार आणि मासळी, तर डोक्यावर लोकांच्या विजारी. तक्रार नव्हती. निदान हाताची ऊब तरी लागायची.

घरात एक मुलगी. ती काहीही टाकून देत नाही. बटणं, तिकिटं, पेन्सिलींची थोटकं, सगळं साठवते, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. तिचे बाबा जहाजावर इंजिनखोलीत काम करतात. तिकडे सदा उकाडा. घरी येणं होतं ते उन्हाळ्यातच, त्यामुळे कित्येक वर्षांत त्यांनी हिवाळा बघितलेला नव्हता.

हिवाळ्यात या घरातही माझी किंमत उतरायची. सुपाचं पातेलं बाल्कनीत ठेवायला निघालेली आई मला ओलांडून जाताना म्हणायची, “बाहेर फुकटचा फ्रीजर असताना याला कशाला पोसायचं?” मला, जो वर्षभर ते सूप सांभाळायचा, त्याला.

त्यातून नावाचा घोटाळा. आपल्या भाषेत मी करतो तोही बर्फ आणि आकाशातून येतो तोही बर्फ. मुंगी खिडकीतून “बर्फ पडला, बर्फ पडला” म्हणून नाचायला लागली की दर वेळी मला वाटायचं, माझाच ट्रे कुणाच्या तरी हातून पडला. मग कळायचं की हे कौतुक आपलं नाही. तरी नाव एक आहे, एवढं समाधान मी मनाशी धरून होतो.

तेही मुंगीच्या आत्याने काढून घेतलं.

आत्या शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीतही शिकवायचं थांबत नाही. गेल्या हिवाळ्यात ती आली ती काळ्या लोकरीचा तुकडा आणि भिंग घेऊन. कापड आधी बाल्कनीत गार होऊ दिलं, नाहीतर कण टेकताक्षणी विरघळतात. मग मुंगीने त्यावर पडते कण झेलले आणि दोघी भिंगावर वाकल्या. बाल्कनीचं दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं माझ्या कानावर.

आत्या म्हणत होती की नीट बघ, प्रत्येक कणाला सहाच बाजू, पाच नाही, सात नाही. (माझ्या खड्यांनाही सहा बाजू असतात, मोजा हवं तर. ठोकळाच आहे तो.) म्हणे प्रत्येक कणाच्या गाभ्याशी बहुधा धुळीचा बारीक कण असतो, त्याच्याभोवतीच तो वाढतो. (माझ्या ट्रेत धूळ सापडली असती तर आईने मला घासून काढलं असतं. त्याच्यात सापडली तर ते विज्ञान.) म्हणे तो मुळात पांढरा नसतोच, काचेसारखा आरपार असतो, इतक्या कणांवरून उजेड इतक्या वेळा उडतो की आपल्याला पांढरं दिसतं. ताज्या थरात तर बहुतेक हवाच असते. त्या हवेमुळे खालची जमीन उबदार राहते आणि उंदीर त्या थराखाली बोगदे करून हिवाळा काढतात. आवाजही ती हवा पिऊन टाकते, म्हणून पहिल्या सकाळी गल्ली कशी कान झाकल्यासारखी शांत वाटते. उंच डोंगरांवर बारीक शेवाळामुळे तो कधी कधी गुलाबीसुद्धा होतो.

गुलाबी. आणखी काय काय व्हायचंय, म्हटलं, होऊ दे एकदाचं.

मग आत्याने माझ्या वर्मावर बोट ठेवलं. म्हणाली, “याला बर्फ नको म्हणू, हिम म्हण. बर्फ म्हणजे तुमच्या त्या पेटीतला, नुसतं गोठलेलं पाणी. हिम पाण्याच्या वाटेला जातच नाही. ढगातली वाफ असते ना, ती सरळ स्फटिक होते. मधलं पाणी होणं गाळून.”

“म्हणजे उडी मारते?” मुंगीने विचारलं.

“उडीच म्हण.”

नुसतं गोठलेलं पाणी. ‘नुसतं’ हा शब्द मी आजवर विसरलो नाही.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. बाहेर काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. मुंगीने हिमाचं सगळं पाठ असलेलं म्हणून दाखवलं. ते ऐकत राहिले, आणि मग म्हणाले की ताजं हिम मुठीत दाबलं की कसा कुरकुर आवाज येतो आणि हात कसा झोंबतो, हेच मी विसरलोय बघ. हसत म्हणाले, पण मुंगी हसली नाही. तिने जाहीर केलं की यंदाचं हिम ती बाबांसाठी राखून ठेवणार. ते उन्हाळ्यात आले की त्यांच्या हातात देणार.

आईने समजावलं की हिम म्हणजे बटण नव्हे. मुंगी ऐकेना. पण त्या दिवसांत थंडी इतकी कडक होती की हिम कोरडं, पिठासारखं; मुठीत धरलं की सुटून जायचं. ती रोज बाल्कनीत जायची, मूठ दाबायची, हात झटकून परत यायची. शेवटी हवा जरा नरमली आणि गोळा वळला. छान, घट्ट, संत्र्याएवढा. त्याला तिने आईच्या डब्यातला लाल लोकरीचा धागा बांधला, स्टीलच्या वाटीत ठेवला, आणि वाटी कुणाच्या पोटात ठेवली? माझ्या.

विचार करा. ज्याच्यामुळे माझा प्लग निघायचा, तो आता माझ्याच घरी पाहुणा, आणि त्याची बडदास्त मीच ठेवायची. शाळेतून आली की मुंगी दप्तरासकट माझं झाकण उघडायची. “कसा आहेस रे?” हे त्याला. थंडी माझी, वीज मी खातो, धडधडतो मी, आणि विचारपूस त्याची. शेजारपाजारची माणसंही बघून जायची. एक आजोबा तर म्हणाले, “वा, काय राखलंय.” कुणी राखलंय, ते कुणी विचारलं नाही.

हिवाळा सरला. माझ्या भिंतींवर दहिवर, म्हणजे गोठल्या दंवाचा थर, चढायला लागलं, ते दर वर्षीच चढतं. दर वर्षी आई मला बंद करून, उलथन्याने ते खरवडून मोरीत टाकते आणि मला शिव्या घालते. या वर्षी मुंगीने मला बंद करू दिलं नाही, उलथनं लावू दिलं नाही. हिम वितळेल ना. त्यामुळे दहिवर वाढत गेलं. कडेला इतकं साचलं की झाकण नीट बसेना, आणि आई म्हणू लागली की बाबा आले की नवा घेऊ, हल्ली दहिवर न धरणारे मिळतात.

आणि इकडे वाटीत काहीतरी बिघडत होतं. लाल धागा सैल झाला. मग आणखी सैल. संत्र्याचं लिंबू झालं. मला वाटलं, वितळतोय; एकदाचा माझ्या हातून सुटतोय. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. पण वाटी कोरडी ठणठणीत, पाण्याचा थेंब नाही. गोठवण्यात आयुष्य गेलं माझं, पण हे कोडं मला उलगडेना.

मुंगीला मात्र उलगडलं, चुकीचं. तिने आईलाच धरलं. म्हणाली की तूच थोडं थोडं काढतेस, ते संपलं की तुला फ्रीजर बंद करता येईल म्हणून. आईच्या हातातली कातर थांबली. ती रागावली नाही, हेच वाईट झालं. म्हणाली, “तुझ्या बाबांसाठी मला काही राखून ठेवावंसं वाटत नाही, असं वाटतं का तुला?” त्यानंतर बरेच दिवस त्या बोळातून दोघी एकमेकींकडे न बघता जात राहिल्या, आणि मी मध्ये.

बाबा आले तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या आणि पंखा गरागरा फिरत होता. पायांतले बूटही काढू न देता मुंगीने त्यांना माझ्यापुढे आणलं. झाकण उघडलं. वाटीत फक्त लाल धागा होता, वेटोळं करून पडलेला.

ती रडली नाही. धागा उचलून बघत राहिली. बाबा म्हणाले की जाऊ दे गं, माझ्यापर्यंत धागा तर पोचला. मग तिला हसवायला म्हणून त्यांनी माझ्या भिंतीवरचं दहिवर बोटाने खरवडलं. “हा बघ बर्फ. काय कमी आहे का इथे?”

“तो नुसता फ्रीजरचा बर्फ आहे, बाबा.”

पुन्हा ‘नुसता’. मी झाकणापर्यंत कडवट झालो. पण बाबांच्या बोटावरच्या त्या चिमटीकडे बघता बघता मुंगी पुढे वाकली. ते गोठलेल्या पाण्यासारखं नव्हतं. पिसांसारखं होतं.

“थांबा,” ती म्हणाली. “हात हलवू नका.”

धावत जाऊन तिने आत्याचं भिंग आणलं. माझ्या भिंतीशी डोकं नेऊन बघत राहिली, इतका वेळ की आईसुद्धा काम सोडून आली. बारीक बारीक पाती, काचेची, एकावर एक उगवलेली. मग मुंगी सावकाश बोलू लागली, जणू एकेक बटण लावत होती. वाफ पाणी न होता हिम होते, तर हिमही पाणी न होता वाफ होत असेल. उलटी उडी. म्हणून वाटी कोरडी. आणि ती वाफ पेटीतून जाणार कुठे? पेटीत सगळ्यांत गार ह्या भिंती. तिथे पुन्हा उडी.

ती आईकडे वळली. “तू नव्हतं घेतलंस. इथेच आहे ते.”

“मला ठाऊक होतं मी नाही घेतलं ते,” आई म्हणाली, आणि तिच्या केसांत हात घातला.

मग तिघांनी माझ्या भिंती उलथन्याने खरवडल्या, पण शिव्या न घालता. मटारच्या पिशव्यांमधून निघालेली वाफही त्यात असणार, हे मी कशाला बोलू? बाबांनी ते सगळं ओंजळीत घेतलं आणि दाबलं. कुरकुर असा आवाज आला. त्यांनी डोळे मिटले. घामाने भिजलेला तो माणूस भर उन्हाळ्यात हात झोंबवून घेत उभा होता, आणि मुंगी म्हणत होती, “हे हिम आहे, बाबा. बर्फ नव्हे.”

माझ्या भिंतीवरच्या दहिवराला. हिम.

एवढ्यावर मी सुखाने गंजलो असतो. पण नवा फ्रीजर आलाच. उभा, पांढराशुभ्र, दहिवर न धरणारा. त्याच्या अंगावर वाफ बसली तर तो ती वितळवून नळीने बाहेर सोडून देतो आणि मिरवतो की मी स्वच्छ. मला बाल्कनीत काढलं. माझ्या पोटात आता रिकाम्या कुंड्या आणि एक तुटकी छत्री आहे.

आज सकाळी बाहेर कान झाकल्यासारखी शांतता पसरली, तेव्हाच मी ओळखलं. चुलतभाऊ आलाय. पूर्वी मला निदान झाकणाआड लपता यायचं. आता तो सरळ माझ्या डोक्यावर येऊन बसतो, चांगला वीतभर उंच, आणि सगळे त्याच्याकडेच बघतात. जळजळ गेलेली नाही, कळावं.

मघाशी मुंगी बाहेर आली. माझ्या झाकणावरचं हिम तिने ओंजळीने गोळा केलं, गोळा वळला, लाल धागा बांधला. मी म्हटलं, चालली आता नव्याकडे. ती दारात थांबली आणि आत बघून म्हणाली, “आई, त्या नव्यात ठेवलं तर नळीतून जाईल सगळं. जुनाच लावूया ना परत? फक्त बाबा येईपर्यंत.”

आईने आतून विचारलं की कुंड्या मग कुठे ठेवायच्या, आणि विजेचं काय. म्हणजे नाही म्हणाली नाही.

अजून ठरायचंय. मुंगीने वाटी तूर्त माझ्या पोटात, दोन कुंड्यांच्या मध्ये ठेवलीय. बाहेर थंडी आहे तोवर तो टिकेल, त्याच्याच जिवावर. मग हवा नरमेल. माझी वायर गुंडाळून पाठीशी टांगलीय आणि भिंतीतलं बटण दाराच्या आत, हातभर अंतरावर आहे. माझं यंत्र अजून चालतं, भिंती अजून धरतात. कुणीतरी एवढा प्लग लावा. त्याचा कितीही हेवा करत सांभाळेन मी, पण सांभाळेन.