कोठाराचं प्रकरण

सुनेने सासऱ्यांच्या हनुवटीवरचा दुधाचा ओघळ पुसला, जाडजूड पुस्तक मांडीवर घेतलं आणि त्यात नसलेलं वाक्य शांतपणे वाचलं.

"शत्रूला वाट दाखवल्याच्या संशयावरून आपल्याच सैनिकांनी गावकऱ्यांना धान्याच्या कोठारात कोंडलं, बाहेरून कडी घातली आणि आग लावली."

म्हातारबुवांनी मान वळवली. दृष्टी गेल्यापासून ते आवाजाच्या रोखाने बघत.

"हे मी लिहिलंय?"

"तुमचंच आहे, बाबा."

"वाक्य चांगलं आहे," म्हणून ते पुन्हा उशीला टेकले.

एवढा मोठा इतिहासकार, पण शेवटी भुलला तो स्वतःच्या भाषेला. तिला हसू आलं. सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी आठवत नसे, पण स्वतःचं पुस्तक ऐकल्याशिवाय डोळा लागत नसे. मुलाला बापापाशी बसायला सवड नव्हती, म्हणून हे वाचन सुनेच्या गळ्यात पडलं. तिने ते आनंदाने पडू दिलं.

छापील पुस्तकात कोठारावर शत्रूचा तोफगोळा पडला होता. तिथून तो शाळेच्या पुस्तकात पडला, स्मारकाच्या दगडावर पडला, दरवर्षीच्या भाषणांत पडतच राहिला. तिनेही लहानपणी तो परीक्षेत पाडला आणि पैकीच्या पैकी गुण आणले. त्या प्रगतिपुस्तकावर सही करणारी तिची आई म्हणजे त्या कोठाराच्या मागच्या फटीतून निसटलेली एकमेव पोर. आईने मुकाट्याने सही केली. पुढे लेक याच घरात सून म्हणून आली, तेव्हा मात्र आई लग्नाला आली नाही. प्रेमात पडताना मुलाचा बाप काय लिहितो, याची चौकशी कोण करतं?

जाण्यापूर्वी आईने कोठारातलं सगळं लेकीला सांगितलं आणि ते दुःख घेऊनच गेली. त्या दिवशी सुनेने मनाशी खूणगाठ बांधली. ज्या तोंडाने खोटं पसरवलं, त्याच तोंडून देशासमोर खरं वदवून घ्यायचं. म्हाताऱ्याचं नाक म्हाताऱ्याच्याच हाताने कापायचं. मग रोज दुपारी ती आईचं बोलणं त्यांच्या भारदस्त भाषेत बसवून वाचू लागली.

कोठाराच्या स्मृतिदिनाच्या आधी टीव्ही वाहिनीची माणसं घरी आली. दिवे लागले. नवरा ठेवणीतला कोट घालून दारात उभा राहिला. युद्धात बाबा सैन्याच्या कचेरीत कारकुनी करत होते, बंदूक कधी हातात धरली नाही, हे घरातलं नेहमीचं पुराण त्याने मुलाखत घेणाऱ्या मुलीला ऐकवलं होतं.

"सर, त्या दिवशी कोठारात नक्की काय झालं?" त्या मुलीने विचारलं.

सून सासऱ्यांच्या खुर्चीमागे उभी होती.

"आपल्याच सैनिकांनी गावकऱ्यांना कोंडलं," सासरे खणखणीत आवाजात म्हणाले. "बाहेरून कडी घातली आणि आग लावली."

ती मुलगी हातातल्या कागदाकडे बघत राहिली. सुनेच्या काळजात मात्र गारवा पसरला. ऐकलंस ना, आई? म्हाताऱ्याची जन्माची अब्रू त्याच्याच जिभेने धुळीला मिळवली होती, आणि तिला त्याची तसूभरही दया येत नव्हती.

"बाबांना हल्ली भ्रम होतो," नवरा घाईघाईने पुढे झाला. "एवढं काढून टाका."

"कडी बसत नव्हती," म्हातारबुवा म्हणाले. "गंजली होती. दगडाने ठोकावी लागली."

त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला आणि काहीतरी घट्ट पकडल्यासारखा हवेत दोनदा आदळला.

दगडाचं तिने कधीच वाचलं नव्हतं. आईनेही सांगितलं नव्हतं. आई आत होती, तिला ते दिसायचं कारणच नव्हतं.

कॅमेरावाल्याचा हात बटणाकडे गेला. सून खुर्चीमागून पुढे आली, नवऱ्याला बाजूला सारून सासऱ्यांच्या समोर बसली.

"चालू राहू द्या," तिने कॅमेरावाल्याला सांगितलं.

मग रोज दुपारी वाचायची त्याच मऊ आवाजात तिने विचारलं,

"कोणी ठोकली, बाबा?"