हळदीची विहीर

साकीनाक्याच्या आमच्या चाळीमागची विहीर पिवळी पडली, तेव्हा बघायला सगळी चाळ लोटली. अंगावर हळद असताना उडी घेतलेली नवरी त्यात आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सायकलींच्या हँडलांना क्रोमचा मुलामा देतात आणि उरलेलं पिवळं पाणी मागे सोडतात, हेही ठाऊक होतं. पण भुताला जो मान, तो शेडला कुठला?

लवू भगतानं बुडाला भोक असलेलं मडकं काळ्या भस्मानं भरलं. वरून पिवळं पाणी ओतलं, खालून स्वच्छ ठिबकलं. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला.

“मी तिका मडक्यात बांधलंय,” लवू म्हणाला. “आता ह्यो अंगारो रोज खावचो. मगे ती भायर येवची नाय.”

चाळीतल्या सुलक्षणाला सातवा महिना होता. आधीची दोन्ही पोटातच गेलेली. नवरीला तुझं पोर हवंय, असं लवूनं तिच्या मनात भरवलं. मडक्यातलं भस्म ती डोळे मिटून जिभेवर ठेवायची. तोंडात फोड आले, तर हा म्हणतो, नवरी झगडतेय, अंगारा वाढव.

विज्ञान शिकवणाऱ्या द्रौपदीबाई आमच्याच मजल्यावरच्या. विहिरीवर फोडलेल्या नारळांच्या करवंट्या त्यांनी बंद डब्यात जाळल्या, कोळसा कुटून मडक्यात भरला. मंत्र एकही नाही, पाणी तसंच स्वच्छ.

“करवंटीतय देव आसा,” लवू हसला.

“तुझं भस्म म्हणजेही कोळसाच. कोळशाला बारीक छिद्रं असतात. पाण्यातला धातू तिथं चिकटतो, नाहीसा होत नाही,” बाई म्हणाल्या. “शेडवाल्यांनीच असं गाळून पाणी सोडायला हवं, आणि तो कोळसा माणसांपासून लांब ठेवायला हवा. सुलक्षणा, तुझी अंगाऱ्याची पुडी दे.”

चिकटलेला धातू सुटावा म्हणून त्यांनी ते भस्म धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात ढवळून गाळलं. पेल्यात पिवळं पाणी उतरलं, हळदीसारखंच.

“हे खात होतीस गं तू. लवू, तूही घे चिमूटभर.”

लवूनं मडकं काखोटीला मारलं आणि वाटेला लागला. सुलक्षणा पोटावर हात ठेवून पेल्याकडे बघत होती.

“बाई, कालपासून हलत नाही हो.”

आम्ही तिला दवाखान्यात नेलं. मूल राहिलं नाही. कशानं, ते डॉक्टर ठामपणे सांगेनात. चाळ मात्र अजून सांगते, नवरीनं नेलं. ते ऐकलं की मला तो पेला दिसतो आणि जेवण जात नाही.

विहिरीत नवरी कधीच नव्हती. पाणी निवळलेलं दाखवून कुणी हात जोडायला सांगितलं, तर आधी एवढंच विचारा: घाण गेली कुठे?