लताबाईंचं पायदान

मी एक जुनी मोटारसायकल आहे. मित्रांनो, हे मुद्दाम सांगते, कारण मधली तेरा वर्षं मी खुराडं होते. चांदवडच्या मळ्यात माझ्या हेडलाइटच्या वाटीत आधी एक कोंबडी राहिली, मग तिची लेक. रोज एक अंडं. नियमित कामाचा विचार केला तर तोच माझा सर्वांत चांगला काळ.

माझा जन्म १९७८चा. सावळीरामांनी मला घरी आणलं, लताबाईंनी ओवाळलं आणि त्या मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या. पण त्यांची उंची साडेचार फूट. पाय पायदानापर्यंत पोहोचेनात. कारखान्याने त्यांना विचारलंच नव्हतं! मग सावळीरामांनी गावच्या लोहाराकडून नांगराच्या मोडक्या फाळाचं दुसरं पायदान करून घेतलं आणि वीतभर वर बसवलं. दिसायला ते भयंकर होतं. त्याच्यावर पाय ठेवून लताबाई तीस वर्षं बाजार, लग्नं, मयती फिरल्या. सावळीराम गेले आणि त्या पुन्हा बसल्या नाहीत. मी कोंबडीच्या वाट्याला आले.

यंदा नात तेजलने मला टेम्पोत घालून देवळाली कॅम्पला शौकत मिस्त्रींकडे नेलं.

"चाचा, आजी हिच्यावर परत बसली पाहिजे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झालीये ती. सगळं ओरिजिनल करा, कंपनीसारखं."

शौकतचाचांसारखा कारागीर मी पाहिला नाही. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून त्यांनी माझा खोकला नेमका कुठला ते ओळखलं. सीटखाली नखाएवढा मूळ रंग उरला होता. तो जुळेपर्यंत त्यांनी सतरा वेळा काळा रंग कालवला. काळ्यात सतरा प्रकार असतात हे मलाही नवीन होतं.

फाळापाशी मात्र ते थांबले. "हे काढू? सोच ले बेटा."

"काढा. कंपनीचं नाहीये ते."

"कंपनीतून निघाली तेव्हा हिच्यावर कोणी बसलंपण नव्हतं," चाचा म्हणाले, आणि काढलं.

चार महिन्यांनी मी मळ्यात परतले. इतकी चकचकीत, की कोंबडीने ओळख दाखवली नाही. लताबाईंनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, तेजलच्या खांद्याला धरून चढल्या. पाय सवयीने जिथे गेला, तिथे नुसती हवा होती. त्या उतरल्या.

"गाडी लय झकास केली गं. पन ही आपली नाय. आपलीला माझा पाय ठाऊक हाय."

तेजलने तिथूनच फोन लावला. "चाचा, ते पायदान फेकलं का हो?"

"फेकतो कशाला? माझ्या बायकोने, गुलजारबीने, दुकानाच्या दाराला अडकण म्हणून लावलंय. तिला विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी चाचा स्वतः आले. फाळ पुसला, रंग दिला नाही, नव्या बोल्टांनी जुन्या जागी बसवला. लताबाई चढल्या. पाय टेकला.

"हां," त्या म्हणाल्या. "चल. पन खड्डे बघ. तुझा आजा बघायचा नाय."

आम्ही चांदवडच्या बाजारापर्यंत जाऊन आलो. वाटेत त्यांनी तेजलला चार वेळा सावकाश जा म्हणून सांगितलं, आणि एकदा जोरात जा म्हणून.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा. फक्त एखादा भाग काढण्याआधी, त्याच्यावर कुणाचा पाय होता एवढं विचारा. मी तर कोंबडीचीही माफी मागणार आहे. ती अजून रोज सकाळी येऊन हेडलाइटच्या काचेवर चोच मारते.