डाव्या हाताचं पातं

अण्णांचा चाकू घासून घासून दाभणासारखा झाला होता, आणि त्यांना सत्तरावं लागणार होतं. दरवर्षी मी त्यांना शर्टाचं कापड द्यायची आणि दरवर्षी ते कपाटात जाऊन पडायचं. या खेपेला ठरवलं, चाकूच द्यायचा. तोही जुन्या पद्धतीने हातानं घडवलेला, लाकडी मुठीचा, मिटून खिशात मावेल असा.

अण्णा एका रोपवाटिकेत कलमं बांधतात. निवृत्तीचं वय केव्हाच उलटलं, पण मालक त्यांना सोडत नाहीत आणि ते झाडांना सोडत नाहीत. मी इस्पितळात एक्स-रे काढते.

असे चाकू करणारं एकच दुकान गावात उरलं होतं. एक अरुंद खोली, पुढे काचेचं कपाट, मागे धार लावायचं चाक. चाकूवाले अण्णांच्याच वयाचे होते. खिडकीपाशी त्यांची सून मुठी घासत बसली होती.

"कशासाठी हवाय?" त्यांनी विचारलं.

"वडिलांना भेट द्यायचाय. ते कलमं बांधतात."

कपाटातून काढलेले चार चाकू त्यांनी मुकाट्याने परत आत ठेवले. "मग हे नाहीत. कलमाच्या पात्याला एकाच अंगाने धार असते, दुसरं अंग सपाट. काप सरळ आला तरच काडी खुंटाला चिकटून बसते. कलम करताना डोळे भरतात की पाचर मारतात?"

मला माहीत नव्हतं. "दोन्ही," मी म्हटलं.

"पंजा केवढा?"

मी माझा हात पुढे केला. "याच्यापेक्षा मोठा."

"बापाचा हात लेकीपेक्षा मोठाच असणार," सून मान वर न करता म्हणाली आणि घासलेल्या मुठींची टोपली उचलून आत गेली.

"उजवे की डावखुरे?"

चला, एकाचं तरी उत्तर येत होतं. "उजवे."

"नक्की? धारेचं अंग त्यावर ठरतं."

"काका, माझे वडील आहेत ते."

ते हसले. सून बाहेर आली तेव्हा तिने विचारलं, "मामंजी, वहीत लिहून घेऊ का?" त्यावर त्यांनी कपाळाला बोट लावलं. "इथे लिहिलंय. चाळीस वर्षांत वही लागली नाही."

तीन आठवड्यांनी चाकू तयार झाला. काळसर लाकडाची मूठ, पातं असं की त्यात भुवई दिसावी. वाढदिवसाला अण्णांनी तो उघडला, उजेडात धरला, पातं उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाले, "छान आहे. वजन अगदी हवं तसं," आणि खिशात टाकला. मला काय आनंद झाला होता. कापड द्यायची तेव्हा ते नुसतं "हं" म्हणायचे.

पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. अण्णांच्या डाव्या अंगठ्याला तीन टाके पडले होते.

दुपारची सुट्टी घेऊन मी रोपवाटिकेत गेले. बसने वीस मिनिटांची वाट. एवढ्या वर्षांत मी तिथे दोनदा गेले होते, दोन्ही वेळा आमच्या विभागासाठी कुंड्या आणायला.

अण्णा हिरव्या जाळीखाली स्टुलावर बसले होते. मला पाठमोरे. चाकू उजव्या हातात, डाव्या अंगठ्याला पट्टी. एक काडी ते हळूहळू तासत होते, पहिलीतलं पोर अक्षर गिरवतं तसं. पायाशी वाकड्या कापाच्या काड्यांचा ढीग पडला होता.

रोपांना पाणी घालणारी बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "बघा की," ती हळूच म्हणाली, "डावखुऱ्या माणसाने सत्तरीत उजवा हात शिकायला घेतलाय. जुन्याने करा म्हटलं तर ऐकत नाहीत. लेकीने दिलाय म्हणतात."

"डावखुऱ्या?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी," मी म्हटलं. इतक्या हळू, की तिने पुन्हा विचारलं आणि मला पुन्हा सांगावं लागलं.

अण्णांनी मला पाहिलं तसा चाकू मिटला. चोरी पकडल्यासारखे तेच ओशाळले. "जेवतो उजव्याने, लिहितो उजव्याने," ते म्हणाले. "लहानपणी आई डाव्या हातावर फटके द्यायची ना, म्हणून. काम तेवढं डाव्याने. तुला घरात दिसणार कुठून? आणि हात काय, बसेल महिनाभरात."

त्यांनी मला सोडवलं होतं. पण माझ्या शाळेच्या सगळ्या पेन्सिलींना टोक त्यांनीच काढलं होतं, माझ्यासमोर उकिडवं बसून, त्याच जुन्या चाकूने. तो हात कुठला होता ते मला त्या जाळीखाली उभं राहून लख्ख दिसलं. दिवसातून पन्नास वेळा मी लोकांना "डावा की उजवा?" विचारते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही विसंबत नाही, पेशंटला हात वर करायला लावते.

तेवढं कबूल करून टाकलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण ती बाई पाण्याची नळी धरून ऐकत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी दुकानात सांगितलं होतं, अण्णा. त्यांचंच चुकलं असणार."

"असं होय," अण्णा म्हणाले. "मग बदलून देतील."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. वाटेत मला वाटत होतं, गोड बोलून नवीन करून घेऊ, वाद होणारच नाही. झालाच नाही. मी म्हटलं, "काका, मी डावखुरे म्हणाले होते," आणि चाकूवाल्यांनी आधी पातं पाहिलं, मग अण्णांच्या अंगठ्यावरची पट्टी.

"हे यानेच?"

"किरकोळ आहे," अण्णा म्हणाले.

"नाही, चूक माझी." त्यांनी अण्णांपुढे हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाने. "मला उजवेच ऐकू आलं. शपथेवर सांगितलं असतं मी."

"म्हणून म्हणत होते, वही ठेवू," सून म्हणाली.

"ठेव. आजपासून ठेव." मग ते अण्णांना म्हणाले, एका कारागिराने दुसऱ्याला सांगावं तसं, "एकदा ऐकलेलं विसरत नव्हतो हो. आता भरवसा राहिला नाही. पातं आहे, उद्या कुणाचं बोट जायचं. एवढं तुमचं केलं की थांबलेलं बरं."

मी काचेच्या कपाटातले चाकू बघत राहिले. किती होते ते अजून सांगता येईल. अकरा.

पंधरवड्यात दुसरं पातं बसवून द्यायचं ठरलं. आम्ही बसथांब्यावर येऊन बसलो. अण्णांनी रस्त्याकडे बघतच विचारलं,

"तू त्यांना काय सांगितलं होतंस?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "उजवे."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर सोपं गेलं असतं. "माझा अंगठा भरून येईल," ते म्हणाले. "त्या माणसाचं काय?" त्यांची बस आली. चढताना म्हणाले, "मी जातो पुढे. तू ये मागून."

दुकानापर्यंत पाच मिनिटांचा रस्ता होता. मी दोनदा मागे वळले. एकदा वाटलं फोन करावा, एकदा वाटलं पत्र लिहावं. शेवटी पाय गेले.

चाक बंद होतं. चाकूवाले हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते. मी उंबऱ्यातच उभी राहून सांगितलं, की मी उजवेच म्हणाले होते, तुम्ही नक्की का म्हणून विचारलंही होतं, आणि वडिलांचा कामाचा हात कोणता हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ द्या. ते म्हणाले, "हे मला नका सांगू. मी काय ऐकलं ते मला माहीत होतं, तरी मी तुमच्यावर विश्वास ठेवला. तिला सांगा." आणि आत हाक मारली.

सून आली. हातांना भुसा लागलेला, काखेत नवी वही. पहिल्या पानावर अण्णांचंच काम लिहिलेलं असणार.

"बोला," ती म्हणाली.

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं, कारण आता कुठला शब्द कुठे येणार ते मला ठाऊक होतं.

"म्हणजे कान ठीक आहेत यांचे," ती म्हणाली.

"हो."

"मघापासून ताट वाढलंय, जेवले नाहीत ते." ती हे माझ्याकडे बघत म्हणाली, शांतपणे. मग सासऱ्यांकडे वळली. "मामंजी, उठा. दोन घास खा आणि चाक सुरू करा. पंधरवड्याचा वायदा दिलाय." मला कोणी बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. थोड्या वेळाने मी आपणहून निघाले.

चाकू आणायला अण्णा एकटेच गेले. मला त्यांनी बोलावलं नाही, आणि येऊ का म्हणून विचारायचं धाडस मला झालं नाही. आई म्हणाली, दोघं म्हातारे दुकानात तासभर बोलत बसले होते म्हणे. कशावर, ते अण्णांनी तिला सांगितलं नाही.